सूचनेची नोंद घेतली

“एक सूचना आहे” हे तीन शब्द कानावर पडले की आमच्या दूध संघाचं ऑफिस बघता बघता रिकामं व्हायचं. कुणाला डेअरीतलं काम आठवायचं, कुणाला घरून आलेला निरोप, कुणाच्या पोटात अचानक कळ यायची. अध्यक्ष तर मागच्या दारानं जीप काढायचे. उरायची मी एकटी. माझी खुर्ची कॉम्प्युटरच्या खोलीत होती, त्या खोलीला एकच दार होतं आणि त्या दारात सर उभे असायचे.

सर म्हणजे आमच्या संघाचे सांख्यिकी विभागप्रमुख. विभाग म्हणजे ते आणि मी. ते प्रमुख, त्यामुळे उरलेला विभाग मी होते. उमरग्याहून बी.एस्सी. होऊन आलेली, आमच्या घरातली पहिली नोकरीवाली मुलगी. सरांचं शिक्षण हैदराबादेत, उर्दूतून झालेलं. सरासरीला ते औसत म्हणायचे, बेरजेला मीजान म्हणायचे आणि चुकीला चूकच म्हणायचे, पण मोठ्यानं. त्यावरून अख्खा संघ त्यांना पाठीमागं औसतसाहेब म्हणत असे. त्यांना ते ठाऊक होतं. त्यांचं म्हणणं एवढंच, की साहेब गाळून नुसतं औसत म्हणत जा, वेळ वाचतो. ही पण सूचनाच.

दुष्काळाची सालं होती. आभाळ स्वच्छ, धुतल्यासारखं, आणि सरांच्या हातात बारा महिने काळी छत्री. सायकलच्या दांडीला बांधून ते ती ऑफिसात आणायचे आणि माझ्या टेबलाच्या कोपऱ्याला अडकवायचे. पोरं हसायची. एकदा मीही विचारलं, की सर, ढगाचं नाव नाही, ही कशाला वागवता? तर म्हणाले, पाऊस आलेला नाही एवढंच आपल्याला माहीत आहे, येणार नाही असं कुणी लिहून दिलंय का? त्यांच्याशी वाद घालायचा तर डबा आधी खाऊन घ्यावा लागे.

सूचना कशावर करावी याला त्यांना धरबंध नव्हता. एसटी स्टँडवरच्या पाट्यांवर, मशिदीच्या भोंग्याच्या तोंडावर, चहावाल्याच्या गाळण्यावर, अध्यक्षांच्या भाषणावर. त्यातल्या निम्म्याहून जास्त सूचना कुचकामाच्या असायच्या, हे मी त्यांच्या तोंडावर सांगत असे. मग ते ‘निम्म्याहून जास्त’ हा आकडा मी कुठून काढला ते विचारत.

पण एका सूचनेसाठी मी त्यांना जन्मभर मानलं. मी नोकरीला लागले त्या आठवड्यातली गोष्ट. ऑफिसात चहा यायचा तेव्हा माझ्यापुढं रोज तोच कप यायचा, कान तुटलेला. बाकीच्यांचे कप फिरायचे, माझा फिरायचा नाही. मला कळत होतं, सगळ्यांना कळत होतं. आमच्या घरात बाबासाहेबांचा फोटो आहे हे संघात कळायला फार दिवस लागले नव्हते. मी काही बोलायच्या आत सर उठले. सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, “एक सूचना आहे. उद्यापासून सकाळी कप पिसायचे.”

पत्ते पिसतात तसे कप पिसायचे. सगळे कप एका टोपलीत घालायचे, वर फडकं टाकायचं, शिपायानं न बघता एकेक काढायचा आणि पुढं येईल त्याच्यापुढं ठेवायचा. न बघता निवडलं की कुणावर आळ येत नाही, हा सांख्यिकीतला पहिला धडा आहे, असं त्यांनी सगळ्यांना समजावलं. दुसऱ्या दिवशी कान तुटलेला कप अध्यक्षांच्या वाट्याला आला. अध्यक्षांनी तो उलटसुलट करून बघितला आणि संध्याकाळपर्यंत ऑफिसात नवे कप आले. सरांना त्याचं वाईट वाटलं. पिसण्याचा प्रयोग त्यांना महिनाभर तरी चालवायचा होता.

आता कॉम्प्युटरची गोष्ट. जिल्ह्यात तेव्हा कॉम्प्युटर पाहिलेली माणसं कमी. आमच्या अध्यक्षांनी पुण्याला जाऊन एक विकत आणला आणि त्याच्यासोबत तिथल्या कंपनीकडून हिशेबाचा एक प्रोग्रॅम घेतला. गावोगावच्या दुधाचे आकडे भरले की तो सरासरी काढायचा, चढउतार दाखवायचा, तक्ता छापून द्यायचा. मशीनसाठी गार हवेची खोली केली. आत जाताना चपला बाहेर. हळदीकुंकू झालं, नारळ फुटला आणि सर म्हणाले, सूचना अशी की नारळाचं पाणी विजेच्या वस्तूपासून लांब असावं. ही मात्र सगळ्यांनी ऐकली, कारण तोवर पाणी वायरीपर्यंत गेलं होतं.

पहिल्या दिवशी सरांनी मशीनशी शर्यत लावली. एका तालुक्याची औसत त्यांनी कागदावर काढायची, मशीननं पडद्यावर. मशीननं डोळ्याची पापणी लवायच्या आत काढली. सरांनी आपली काढून संपवली, ताडून पाहिली आणि मोकळ्या मनानं मान्य केलं, की मशीन बरोबर आहे. मग जरा विचार करून म्हणाले, एवढ्या लवकर उत्तर आलं तर लोकांचा विश्वास बसणार नाही, मशीननं थोडं थांबल्यासारखं करावं.

तेवढ्यात त्यांना प्रोग्रॅमच्या खोक्यात ती कार्डं सापडली. पोस्टकार्डाएवढी, जाड, पाठीवर पुण्याचा पत्ता छापलेली. वर लिहिलं होतं, ‘वापरणाऱ्यांच्या सूचना’. खाली रेघा ओढलेल्या, कोऱ्या. सरांनी ते कार्ड दोन्ही हातांत धरलं. त्यांचा चेहरा मी विसरणार नाही.

“बेटा, हे बघ,” ते म्हणाले. “ह्यांनी मागितल्यात.”

आयुष्यात पहिल्यांदा कुणीतरी त्यांच्याकडं सूचना मागितली होती. त्या दिवसापासून सर सुटलेच. पडद्यावरची हिरवी अक्षरं डोळ्याला टोचतात, पिवळी करावीत. आकडे मराठीत यावेत. उर्दू वाचणाऱ्यांसाठी तक्ता उजवीकडून सुरू व्हावा. चूक झाली की मशीन भोंगा वाजवतं, त्यानं माणूस दचकतो, तर खाकरावं. प्रत्येक कार्डाला पुण्याहून उत्तर यायचं, छापील, एकाच वाक्याचं: ‘आपल्या सूचनेची नोंद घेतली आहे.’ पहिलं उत्तर त्यांनी ऑफिसभर फिरवून दाखवलं. पुढंपुढं ते उत्तर न वाचताच खिशात घालू लागले.

ते वाक्य त्यांच्या घरी पोचलं. सरांची बायको, त्यांना मी आपा म्हणायची, गोल चेहऱ्याच्या, कमी बोलणाऱ्या. त्यांच्या हातची खट्टी डाळ आमच्या ऑफिसात प्रसिद्ध होती. मी ईदला जेवायला गेले तेव्हा सरांनी पहिला घास घेतला आणि सवयीनं म्हणाले, “एक सूचना आहे. चिंच जरा कमी.” आपांनी मान न वळवता सांगितलं, “नोंद घेतली.” आणि त्यांच्या ताटात आणखी एक पळी डाळ वाढली. सर माझ्याकडं बघून म्हणाले, पुण्याची शाखा आहे. हे रोजचं होतं असं मला नंतर कळलं. चिंच कधीच कमी झाली नाही.

या सगळ्या गमतीत एक सूचना मात्र गमतीची नव्हती. ती ‘निरंक’ या शब्दावरून निघाली. सरकारी आणि सहकारी कचेऱ्यांतला हा लाडका शब्द. काही नाही म्हणायचं असेल तर निरंक. आमच्याकडं प्रत्येक गावच्या संस्थेचा सचिव दुधाच्या गाडीबरोबर आकड्याची चिठ्ठी पाठवायचा. दूध झालं नसेल तर चिठ्ठीवर लिहायचा, निरंक. आणि एखाद्या गावाहून चिठ्ठीच आली नाही तर आमचा कारकून आपल्या हातानं लिहायचा, निरंक. कागदावर दोन्ही सारखेच दिसायचे.

सरांना हे खपत नसे. आपल्या तक्त्यात ते पहिल्यासाठी शून्य काढायचे आणि दुसऱ्यासाठी आडवी रेघ. शून्य म्हणजे गावानं सांगितलं, की दूध नाही. रेघ म्हणजे गावानं काहीच सांगितलं नाही. रेघेची गावं ते औसतीत धरत नसत. पण प्रोग्रॅमला रेघ ओळखू येईना. रेघ दाबली की भोंगा. जागा कोरी सोडली तर पुढं सरकायला तयार नाही. आकडा पाहिजे म्हणजे पाहिजे. मग मी शून्य भरायची आणि सर शेजारी उभे राहून प्रत्येक शून्याला हरकत घ्यायचे.

यावर त्यांनी कार्ड पाठवलं: मशीनला ‘माहीत नाही’ म्हणता आलं पाहिजे. नोंद घेतली गेली. पुन्हा पाठवलं. पुन्हा नोंद. शेवटी कंपनीनं दुरुस्तीला एक पोरगेलासा इंजिनिअर पाठवला. चुणचुणीत मुलगा, गार खोलीत शिंकत बसलेला. त्यानं सरांचं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, की कोरं काय आणि शून्य काय, मशीनला एकच, सर.

सरांनी त्याला विचारलं, घरून पत्र येतं का. तो म्हणाला, येतं की, आईचं, दर आठवड्याला. सरांनी विचारलं, या आठवड्यात आलं? तो म्हणाला, अजून नाही.

“मग लिहू का मी,” सर म्हणाले, “की ह्या पोराला आई न्हाय?”

कळफलकावरचा पोराचा हात तसाच राहिला. मग हळूच म्हणाला, साहेबांच्या कानावर घालतो. गेला. पंधरवड्यानं कार्ड आलं. आपल्या सूचनेची नोंद घेतली आहे.

इकडं दुष्काळ वाढत चालला. संघानं वैरणीचा डेपो उघडला. पण वैरण थोडी, जनावरं फार. म्हणून ठरलं, की जी संस्था चालू आहे तिच्याच सभासदांना वैरण द्यायची. चालू कोणती आणि बंद कोणती, हे ठरवायचं काम कॉम्प्युटरला दिलं. औसत ठरल्यापेक्षा खाली गेली की संस्था बंद, संस्था बंद की वैरण बंद. वैरण बंद म्हणजे दावणीची जनावरं बाजाराला, हे कुणाला सांगायला नको होतं. मी बटण दाबलं, यंत्र करकरत कागद ओकू लागलं आणि बंद करायच्या यादीत एकच गाव निघालं. परंडा तालुक्यातलं, सोनारीच्या रस्त्यापासून आत असलेलं, जेमतेम वाडीएवढं. महिनाभर शून्य. म्हणजे महिनाभर निरंक. म्हणजे महिनाभर चिठ्ठी नाही.

संचालकांच्या बैठकीत हा विषय ठेवला. सरांना बैठकीला यायचं होतं. अध्यक्ष सरांना चांगले ओळखून होते. त्यांनी अट घातली, की सूचना एकही करायची नाही, विचारलं तेवढ्यालाच उत्तर द्यायचं. सरांनी अट मान्य केली. मला काही खरं वाटेना. मी तक्ते घेऊन त्यांच्या मागं बसले होते. पांढऱ्या टोप्या, पानाचे डबे, पंख्याची घरघर. संचालकांना घरी जायची घाई होती. एका गावाचा प्रश्न, हात वर करायचे आणि उठायचं.

अध्यक्षांनी कागद पुढं ओढला, सहीसाठी पेन उघडलं आणि रीत म्हणून विचारलं, “सर, ह्या गावचं दूध किती हाय? कागदावर शून्य दिसतंय.”

सर उभे राहिले. शून्य आणि रेघ या विषयावर हा माणूस दिवस मावळेपर्यंत बोलू शकतो, हे तिथं सगळ्यांना ठाऊक होतं. एकदोघे खुर्चीत खाली घसरलेसुद्धा. सर म्हणाले, “मला माहीत न्हाय.”

आणि खाली बसले.

कुणीतरी हसलं. अध्यक्ष हसले नाहीत. त्यांनी पेन खाली ठेवलं आणि सरांकडं बघत राहिले.

“तुम्हाला माहीत न्हाय?”

“न्हाय.”

“मशीन तर शून्य म्हणतंय.”

“मशीनलाबी माहीत न्हाय,” सर म्हणाले. “त्याला तसं म्हणता येत न्हाय, म्हणून शून्य म्हणतंय.”

अध्यक्षांनी टोपी काढून टेबलावर ठेवली. मग शिपायाला म्हणाले, गाडी काढायला सांग. मला त्या क्षणी सरांचा एवढा अभिमान वाटला, की हातातले तक्ते चुरगळले. वाटेत जीपमध्ये अध्यक्ष पुढच्या सीटवरून माझ्याशी बोलले. म्हणाले, “हा माणूस माझ्या घरच्या आमटीत मीठ किती पाहिजे ते सांगतो. त्यानं माहीत न्हाय म्हटल्यावर मी कोणत्या तोंडानं सही करू?” सर मागं माझ्याशेजारी छत्री मांडीवर घेऊन बसले होते. त्यांनी ते ऐकलं, पण दिलेला शब्द पाळत एक अक्षर बोलले नाहीत.

गावाच्या अलीकडंच आम्हाला बाया दिसल्या. भर उन्हात रांगेनं चाललेल्या, डोक्यावर चुंबळ, चुंबळीवर दुधाची बरणी. अध्यक्षांनी जीप थांबवली आणि पुढच्या बाईला विचारलं, कुठं निघालात. ती म्हणाली, शेजारच्या गावाला, दूध घालायला. तिथं तिथल्याच गावाच्या नावावर घेतात.

“मग तुमच्या गावाची चिठ्ठी का येत न्हाय?” अध्यक्षांनी विचारलं.

“चिठ्ठी कुणाजवळ द्यायची?” ती म्हणाली. “तुमची गाडीच येईना झाली की आमच्याकडं.”

डिझेल वाचवायचं म्हणून त्या वाटेची दुधाची गाडी संघानंच बंद केली होती. बंद करायच्या कागदावर सही होती अध्यक्षांची. गाडी आम्ही काढून घेतली आणि गाडीबरोबर येणारी चिठ्ठी आली नाही म्हणून गाव बंद करायला निघालो होतो. अध्यक्ष जीपमधून उतरले. त्या बाईनं मग सांगून टाकलं, की वैरण बंद होणार अशी गावात आवई आहे आणि तिच्या घरात धाकटी म्हैस बाजाराला न्यायचं ठरलंय. ती गाभण होती.

“न्हेऊ नका,” अध्यक्ष म्हणाले. “वैरण येती.”

मग त्यांनी सगळ्या बरण्या जीपमध्ये ठेवायला लावल्या. बरण्यांना जागा झाली, माणसांना उरली नाही. आम्ही सगळे पायी निघालो, जीप अगदी हळू पुढं. ताडपत्री फाटलेली, ऊन थेट दुधावर येत होतं. सरांनी छत्री उघडली आणि मागच्या बाजूनं चालत ती बरण्यांवर धरली. एवढ्या वर्षांत ती छत्री उघडलेली मी पहिल्यांदाच पाहिली. शेजारच्या गावापर्यंत त्यांनी हात खाली घेतला नाही. दूध नासलं नाही.

वैरणीचा ट्रक त्या गावाला गेला, गाडीही परत सुरू झाली. म्हैस व्याली तेव्हा त्या बाईनं चिठ्ठीसोबत खरवस पाठवला. सरांनी खाल्ला आणि वेलची जास्त झाल्याचं माझ्याकडून चिठ्ठीच्या पाठीवर लिहून घेतलं.

पुण्याहून प्रोग्रॅमची नवी फ्लॉपी पुढं बऱ्याच दिवसांनी आली. मी ती घातली, एका गावासमोर रेघ दाबली आणि भोंगा वाजला नाही. पडद्यावर हिरवी आडवी रेघ उमटली. औसतीत ती धरली गेली नाही. सर खुर्चीच्या पाठीला हात लावून मागं उभे होते. पुन्हा दाब, म्हणाले. मी पुन्हा दाबली. सोबत एक कार्ड होतं आणि त्यावर हातानं लिहिलं होतं, ‘आपली सूचना स्विकारली आहे’. खाली त्या शिंकणाऱ्या मुलाची सही. शेजारी बारीक अक्षरात, ‘आईचं पत्र आलं’.

सरांनी चष्मा काढला, शर्टाच्या टोकानं पुसला, पुन्हा घातला. बराच वेळ कार्ड वाचत होते. मग खिशातून पेन काढून म्हणाले, “स्वीकारलीतला स्वी दीर्घ पाहिजे. एक कोरं कार्ड दे बघू.”

सर निवृत्त झाले, मी नोकरी बदलून सोलापूरला गेले. सर वारल्याचं मला उशिरा कळलं. मी आपांना भेटायला गेले तेव्हा घर तेच होतं, खुंटीवर छत्रीही होती. आपा वाळल्या होत्या. फार बोलल्या नाहीत. जेवायची वेळ झाली तशी त्यांनी ताट मांडलं, भात वाढला, त्यावर खट्टी डाळ घातली आणि नेहमीसारख्या चुलीकडं न वळता तिथंच उभ्या राहिल्या. म्हणाल्या, मुलं जेवतात आणि उठून जातात.

“कुणी काय बोलत न्हाय,” त्या म्हणाल्या. “चांगली व्हती का न्हाय, मला कसं कळावं?”

मी पहिला घास घेतला. डाळ अगदी तशीच होती, दात आंबवणारी. माझे डोळे भरून आले होते, पण आवाज मी सरांसारखाच काढला, शेजारच्या घरात ऐकू जाईल असा.

“एक सूचना आहे, आपा. चिंच जरा कमी.”

आपांनी पदर सारखा केला. चुलीकडं वळल्या आणि मागं न बघता म्हणाल्या, “नोंद घेतली.” मग परत येऊन माझ्या ताटात आणखी एक पळी डाळ वाढली.